वाघोबापाशी तुटलेला धवला

१२ फेब्रुवारी २००८
माझ्या वेबसाइटवर नवं सॉफ्टवेअर चढवलं. पान पांढरं फटक. मग फार शहाणपणा केला. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून टाकलं. पान आलं, पण आईचे धवले, तिच्या आवाजातली लग्नाची गाणी, गेले. सगळेच्या सगळे. शहापुरात कॉम्प्युटर क्लास चालवते मी, पोरांना रोज बजावते, आधी कॉपी ठेवा! माझी अक्कल कुठं चरायला गेली होती?
मूळ कॅसेटी बुरशीनं खाल्ल्या. घरचा कॉम्प्युटर पावसाळ्यात वीज पडून जळाला. आई गळ्याच्या ऑपरेशननंतर नुसती कुजबुजते. म्हणजे तिचा आवाज होता तो त्या साइटवरच होता, आणि तो मी घालवला.
घरी सांगितलं नाही. होस्टिंग कंपनीला मेल टाकली. मोडकंतोडकं इंग्रजी, वर रडणं.

१३ फेब्रु.
क्लास उघडते तोच फोन. "मॅडम, सागर बोलतोय, होस्टिंगच्या सपोर्टमधून. तुमच्या तिकिटाबद्दल." तिकीट म्हणजे तक्रारीचा नंबर. मला वाटलेलं आठवड्यानं 'क्षमस्व'च्या दोन ओळी येतील. हा तर मराठीत विचारतोय, काय काय दाबलंत ते क्रमानं सांगा. सांगितलं. हसला नाही.
"आता कशालाच हात लावू नका. त्या फायलींत काय होतं?"
म्हटलं, आमच्याकडे लग्नात धवलेरीण लागते. ती गाऊन देवांना मांडवात बोलावते. माझी आई शेणवे गावची धवलेरीण. खर्डीपासून पार मुरबाडपर्यंत तिच्याशिवाय हळद लागत नसे. आता तिला गाता येत नाही.
त्यानं सगळं लिहून घेतलं. मग, "बघतो मॅडम."

१५ फेब्रु.
सांगावंच लागलं. माझं तोंड बघून आईनंच विचारलं, "काय गो, मेला का कोन?" सांगितलं. चुलीकडे बघत बसली. मग कुजबुजली, "माजा गला गेला तवा मी रडली नाय. आता कशाला रडू." आणि रडली. मीपण.

१८ फेब्रु.
सापडले!!! जुन्या सर्व्हरवरची प्रत पुसायची राहिली होती, ती सागरनं उकरून काढली. सुट्टी असून कामावर आला होता. हे त्याच्या सोबतच्या मुलीनं सांगितलं, त्यानं नाही. माणूस असावा तर असा. जीव भांड्यात पडला.
फायलींची नावं मात्र गेली, नुसते आकडे राहिले. आईला जीपनं क्लासला आणली, कानाला हेडफोन लावला. पहिला सूर लागतो न लागतो तोच, "हा घान्याचा... हा हलदीचा... ह्यो मांडवाचा." एकदाही अडली नाही. पोरं टायपिंग सोडून बघत राहिली. छाती फुगली माझी! म्हटलं बघा रे, ही माझी आई.
शेवटी देव बोलावण्याचा धवला. वाघोबापाशी आला आणि तुटला. आई ताडकन उठली. "आगो, आर्धेच देव आले! चेडोबा, खंडेराव भायेर उबे. रुसतील ना ते!"

२० फेब्रु.
सागरला कळवलं. हसेल असं वाटलं. तर विचारतो, "वाघोबानंतर किती देव राहिले?" आणखी एक प्रत कुठंतरी असेल म्हणतो, शोधतो.
आईनं त्याच्यासाठी शिधा बांधला. तांदूळ, नारळ, सुपारी, धवलेरणीला देतात तसा. फोन लावून दिला.
"मावशी, आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही हो."
आई पेटली. "भेट नाय रे बाला, शिधा हाय! शिधा नाय घेतला तं काम फलत नाय."
तो म्हणाला, "मग काम पुरं झालं की घेतो. अर्धा धवला बाकी आहे अजून."
हे आईला पटलं. पटणारच. दोघं एकाच माळेचे मणी.

२६ फेब्रु.
नाही सापडला. दुसरी प्रतही तिथंच तुटलेली. "सॉरी मॅडम" म्हणताना सागरचा आवाज इतका उतरला की मलाच त्याला धीर द्यावा लागला. एवढं कोण करतं हो परक्यासाठी?
आईनं ऐकलं, पदर खोचला. "बस हितं. मी सांगते तसं म्हन."
मी? आरतीला नुसतं तोंड हलवणारी मी?
"म्हन!"
ती कुजबुजते, मी ओरडते. शेजारची काकू दारातून, "कुनाला मारतेस गो?"

४ मार्च
आई सारखी बसवतेय. जेवण नाही झोप नाही, आधी धवला. आज क्लासच्या माइकवर उरलेला भाग माझ्या आवाजात रेकॉर्ड केला, सागरला पाठवला. लाज वाटली, तरी पाठवला.

७ मार्च
मेल आली. त्यानं दोन्ही जोडून साइटवर चढवला. वाघोबापर्यंत आई, पुढं मी. सांधा कळत नाही म्हणतो. खोटं बोलतो बिचारा, बहिऱ्यालाही कळेल. खाली लिहिलंय, 'सगळे देव आले ना? तिकीट बंद करू?'
आईला क्लासला आणून ऐकवला. डोळे मिटून ऐकत होती. तिचा आवाज संपून माझा सुरू झाला तसा तिनं माझा हात धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. मला वाटलं आता शाबासकी मिळणार.
"नको करू बंद म्हनावं त्याला," म्हणाली. "चेडोबाला आशी हाक मारतात? यायचा नाय तो. सकाली परत बसू."
सागरला तसंच कळवलं.