तिजोरी उघडणारं वाक्य

ठोंब्या,

तू गाढ झोपला होतास, उठवलं नाही. माझी रजा संपली, ऑफिसला जातेय.

बाबांनी कॉम्प्युटरच्या पडद्याभोवती चिकटवलेले सगळे पासवर्ड मी काल पासवर्ड मॅनेजरमध्ये घातले आणि ते कागद फाडून टाकले. काही वाटलं नाही. चोर आला असता तर बिचाऱ्याला शोधाशोधही करावी लागली नसती, एवढंच मनात आलं.

पासवर्डांची ही तिजोरी इंटरनेटवर ठेवू की इथेच, असं ते ॲप विचारत होतं. इंटरनेटवर सोयीची पडली असती, पण बाबांना ते पटलं नसतं, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरच ठेवलीय. एक प्रत पेनड्राइव्हवर आहे, तो आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.

विजेचं खातं आज आईच्या नावावर करून घे. मी दोनदा उघडलं आणि तसंच बंद केलं.

मुख्य पासवर्ड इथे लिहीत नाही. कामावरून आल्यावर दारात बूट काढता काढता बाबा जे ओरडायचे, ते अख्खं वाक्य, मधल्या जागांसकट. तू नक्कल करायचास तेच. ते विसरलं तर तिजोरी कोणालाच उघडता येणार नाही, पण तू कसला विसरतोस!

फक्त टाइप करताना पुटपुटायची तुझी सवय आज आवर. आई शेजारच्याच खोलीत आहे आणि तुझा आवाज आता हुबेहूब बाबांसारखा येतो. ते वाक्य कानावर पडलं, तर ती चहा टाकायला उठेल.

ताई