एकजुटीची मी संयोजक

१८ फेब्रुवारी, सकाळी ७
वाट लागली. महापालिकेच्या इमारतीतली आपली समुपदेशनाची खोली बंद करा, असा अर्ज गेलाय. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बायका दर शनिवारी तिथे सल्ल्याला येतात. अर्जदार आमच्याच सोसायटीतले दशरथराव आणि त्यांची 'कुटुंब बचाव समिती'. या खोलीने घरं मोडतात म्हणे. सुनावणी १२ मार्चला.
एकेकटीने लढून भागणार नाही. सगळ्या संघटना एकत्र आणणार. संयोजक मी. तीस वर्षं मुलुंडच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे, दुसरं कोण होणार?
संकल्प: स्वतःला मागे ठेवायचं.

२१ फेब्रुवारी
आमच्या घरी मीटिंग. भांडुपच्या संघटनेची सपना आली, कांदिवलीच्या ग्रुपमधली श्रुतिका आली. श्रुतिका वकील आहे. अडीच तास चालली, त्यातले दोन बॅनरवर गेले. नावं कुठल्या क्रमाने? श्रुतिका म्हणाली, अकारविल्हे. त्यात आम्ही शेवटी. मी म्हटलं, स्थापनेच्या वर्षाप्रमाणे. तर सपनाची संघटना आमच्याहून चार वर्षं जुनी निघाली. शेवटी खोलीपासूनच्या अंतराप्रमाणे ठरवलं. सर्वात जवळ मुलुंडच. सगळ्यांना पटलं असावं, कारण नंतर कोणीच काही बोललं नाही.
सपनाचं एकच पालुपद. खोलीत येऊन गेलेल्या बायकांना भेटू, तयार असतील त्यांची पत्रं घेऊ. किरकोळ काम, नंतर बघू म्हटलं.
सूनबाईचा, ऋतिकाचा, ऑफिसचा कॉल चालू होता. दहा मिनिटं बंद कर आणि पोहे टाक म्हटलं. मग सगळ्यांसमोर तिचे आभार मानले. समता घरापासून.

२४ फेब्रुवारी
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. गुड मॉर्निंगचा कचरा नको म्हणून मेसेज फक्त ॲडमिनच टाकू शकेल, असं सेटिंग. ॲडमिन मी.

२६ फेब्रुवारी
दोन दिवसांत एकीचाही प्रतिसाद नाही. उदासीनता हाच आपल्या चळवळीचा रोग.

१ मार्च
सपनाने भांडुपला मीटिंग ठेवली. गेले नाही. मीटिंग मध्यवर्ती ठिकाणी हवी, म्हणजे मुलुंडला. संध्याकाळी ऋतिका म्हणाली, छान झाली, एकवीस जणी होत्या. हिला कसं कळलं? विचारायचं राहिलं.
भाषणाची सहा पानं झाली.

५ मार्च
लिफ्टपाशी दशरथराव भेटले. महिला दिनाला समितीतर्फे माझा सत्कार करायचा म्हणतात. विरोधकाशी संवाद तुटू देऊ नये. हो म्हटलं.
ऋतिका म्हणाली, "आई, जाऊ नका. ते वापरून घेतील तुम्हाला."
तिला राजकारण कळत नाही.

८ मार्च
शाल, श्रीफळ, 'आदर्श कुटुंबमाता' असं सन्मानपत्र. खोलीचा विषय काढणार होते, पण आभारप्रदर्शन लगेच सुरू झालं. शाल बरी आहे.

९ मार्च, दुपार
प्रत्येक बिल्डिंगमध्ये समितीचं पत्रक. वर माझा शालीतला फोटो. खाली 'महिला नेत्या वनमालाताईंचाही आम्हाला पाठिंबा'.
असं मी बोललेच नव्हते. पण फोटोत हसतेय, हेही खरं.
श्रुतिकाचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "काकू, खोलीत येणाऱ्या बायकांना आता मी काय सांगू?"
सपनाला तीनदा फोन केला. उचलला नाही. दशरथरावांना म्हटलं, खुलासा छापा. ते म्हणाले, सुनावणीनंतर बघू. रागाने जेवले नाही. चार वाजता जेवले.

११ मार्च
ठरलं. उद्या सुनावणीत भाषणानेच सगळं सावरणार. अकरा पानं.

१२ मार्च, संध्याकाळ
शिपायाने यादीत नाव बघितलं आणि मला दशरथरावांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. यादी त्यांच्या समितीची होती.
समोरच्या बाजूला सपना, श्रुतिका, बावीस-तेवीस बायका. त्यात आमच्या मंडळाच्या सात. आणि ऋतिका. ऑफिसला सुट्टी टाकून.
सपना चार मिनिटं बोलली. मग चौदा बायकांची पत्रं टेबलावर ठेवली. त्यातलं एक अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. तसलं एकही पत्र मी मिळवलं नव्हतं.
मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "आपण कोणाकडून?"
उभी राहिले. अध्यक्ष, संयोजक, काय सांगावं सुचेना. दशरथराव माझ्याकडे बघून मान डोलवत होते.
ऋतिका उठली. "त्या आमच्या आहेत, साहेब. चुकून तिकडे बसल्यात."
मी उठून पलीकडे गेले. जागा नव्हती. सपना माझ्याकडे न बघता सरकली.
निकाल: खोली तूर्त चालू राहणार. तीन महिन्यांनी पुन्हा सुनावणी. बाहेर आल्यावर पुढच्या अर्जाचा कागद फिरत होता. तो ऋतिकाने लिहिलाय, आज कळलं. श्रुतिकाला विचारलं, आता संयोजक कोण? म्हणाली, कोणीच नाही, कामं वाटून घेतलीत.
कागद माझ्याकडे आला. नाव आणि सही, दोनच रकाने. पदाला रकाना नव्हता.
सव्विसावी सही केली.