दात झडलेलं शेवाळ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी लेक मला न विचारता माझ्या विषयाला नाव घालून बसली आहे. अर्थशास्त्राची मुलगी, तिला शेवाळाचं काय पडलंय? विचारलं तर म्हणाली, एक पेपर विज्ञानाचा घ्यावाच लागतो. मी काही दूधखुळा नाही. यंदा एकही विद्यार्थी पास झाला नाही तर शेवाळाचा विषय बंद, असं विद्यापीठाने कळवलंय. ते तिच्या कानावर गेलं असणार. वर्गात ती एकटीच आहे, म्हणजे माझा सगळा जन्म आता चिमीच्या हातात.

पण भाची म्हणून सूट नाही, हे बजावून ठेवलंय. सूक्ष्मदर्शकात दिसेल तेवढंच कागदावर काढायचं, नसलेलं काढलं की नापास. हा माझा नियम ऐकून ऐकून तुझे कान किटले असतीलच. ती अगदी तुझ्यासारखी मान वाकडी करून भिंगात बघते. बरं वाटतं गं. माझ्या खोलीचं दार ढकलून आपणहून आत येणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

लोभ आहेच, रागावलीस तरी राहू दे.

तुझा
नानू

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमी नापास झाली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो.

शेवाळाला टाचणीच्या डोक्याएवढी कुपी येते आणि तिच्या तोंडाशी बारीक दातांची कड असते. प्रॅक्टिकलला मी मुद्दाम दात झडलेला नमुना शोधून लावला होता. पोरीने सगळेच्या सगळे दात काढून ठेवले, माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात आहेत तसे. ते तक्ते बघतच लहानाची मोठी झाली ना! चित्र इतकं सुरेख होतं की मी ते बराच वेळ हातात धरून बसलो. मग शून्य दिलं. विभागप्रमुख म्हणाले, थोडा कानाडोळा करा, एका पोरीचा तर प्रश्न आहे. मी ऐकलं नाही.

विषय बंद झाला. खोलीत आता संगणक ठेवणार आहेत. चिमीने एका शब्दाने वाद घातला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. घरी येऊन मी रडलो.

तुझा
नानू

२६ एप्रिल

चि. नानूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची तुला पहिल्यापासून हौस, पण या वेळी लेकराच्या पायावरही पाडलास. तुझ्यासाठी रात्रंदिवस घोकत होती रे ती! तुझ्या त्या नियमाशीच संसार कर आता. सध्या मला पत्र लिहू नकोस.

ताई

११ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामावर रागावू नकोस. आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

काल त्याची खोली आवरायला गेले होते. प्रॅक्टिकलच्या काचपट्ट्या ट्रेमध्ये तशाच होत्या. मामा चहाला गेला तेव्हा ती काचपट्टी मी पुन्हा भिंगाखाली धरली. दात आहेत, आई. एकही झडलेला नाही. मी पाहिलं तेच काढलं होतं. शून्य मिळाल्यावर मलाही वाटलं, तक्ता पाठ होता म्हणून हात आपोआप वळला असेल. मामा चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही.

त्याला दिसत नाही गं. जिना चाचपत उतरायचा तेव्हा मला वाटायचं, गुडघे दुखतात.

अर्ज केला तर माझा निकाल बदलेल. पण मग सगळ्यांना कळेल की शिकवणाऱ्याच्या डोळ्यांना दात दिसत नाहीत. विषय तर तसाही जाईल आणि मामा कोलमडेल. भेटेल त्याला तो सांगतो, सख्ख्या भाचीलाही मी सोडलं नाही. त्याच्याजवळ आता तेवढंच उरलंय. मी अर्ज करणार नाही. तूही त्याला काही बोलू नकोस. माझी शपथ आहे.

तुझी
चिमी

१८ मे

चि. नानूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी वाटेल ते बोलले, ते मनातून काढून टाक. तू केलंस ते बरोबरच केलंस. पोरीने चूक केली, तिला तिचं फळ मिळालं. तुझ्या जागी बाबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं. चिमीचा तुझ्यावर काडीचा राग नाही, उलट मलाच चार शब्द सुनावले तिने.

सामान बांधून झालं की सरळ इकडे ये. खोली झाडून ठेवली आहे. आणि एक काम आहे तुझ्याकडे. हल्ली माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, पण डॉक्टरकडे एकटीने जायचा धीर होत नाही. तू बरोबर चल. गेलोच आहोत तर तुझेही दाखवून घेऊ.

वाट पाहते आहे, माया आहे तशीच आहे.

तुझी
ताई