गोलमागची गच्ची

रविवार, २३ एप्रिल

शून्य–दोन! घरच्या मैदानावर! ईदचा गोडवा अजून तोंडात आहे आणि हे असं.

हातेम बूझय्यान. वय चौतीस. मांडीचा स्नायू फेब्रुवारीत फाटला, तो अजून धड जुळलेला नाही. दुसऱ्या गोलच्या वेळी हा वळेपर्यंत त्यांचा पोरगा गोल मारून, नाचून, आपल्या जागी परतसुद्धा गेला होता. आणि हा आमचा कप्तान! मनारा क्लबचा बचाव म्हणे याच्या खांद्यावर. बाकावर सेलिम बसलाय – एकवीस वर्षांचा, धडधाकट, डोक्यावरून जाणारा एक बॉल सोडत नाही. त्याला जाकीट घालून बसवलाय. कशाला? शोभेला?

शेवटी मी शिव्या देणंही सोडलं. दोन बोटं तोंडात घातली आणि हातेमच्या पायाला बॉल लागला की शिट्टी. सगळं स्टेडियम तेच करत होतं. मग कुणीतरी बाटल्या फेकल्या. एक लाइनमनच्या कपाळावर बसली. गाढवं! आता भोगा.

नेफिसा म्हणाली, "जेवून घे, हातेम काय तुझ्या ताटात बसलाय?" बायकोला काय कळतं!

मंगळवार, २५ एप्रिल

रेडिओवर आमचे प्रशिक्षक झुहैर. "हातेमचा अनुभव मोलाचा आहे. तो ऐंशी टक्के तंदुरुस्त आहे."

ऐंशी टक्के! मासे घेताना ऐंशी टक्के ताजा मासा घेतोस का रे तू? गावात याला प्रोफेसर म्हणतात, कारण गोल खाल्ला की हा चष्मा पुसतो.

बुधवार, २६ एप्रिल

शिक्षा आली. घरचे उरलेले दोन्ही सामने बंद दाराआड. प्रेक्षक नाहीत. एकसुद्धा नाही.

पण माझी गच्ची आहे! दक्षिणेकडच्या गोलच्या बरोबर मागे. मधे भिंत आणि एक अरुंद गल्ली, बस. आजवर या गच्चीवर फक्त कपडे आणि मिरच्या वाळल्या. सकाळपासून मात्र गावाला माझ्या तब्येतीची फार काळजी लागली आहे. कॅफेवाला मोंजी, ज्याने वर्षभर मला साखर घातलेली कॉफी दिली नाही, तो आज कपबशी घेऊन घरी आला, नावाआधी मानाचं 'सी' लावून! "सी शाझली, गुडघा कसा आहे तुमचा? जिना चढताना दुखत असेल ना? मी हात देईन वर जायला."

मी म्हटलं, "मी माझा चढतो. तू कप घेऊन उतर."

दुपारी पोलीस सांगून गेले. गच्चीवर घरची माणसं आणि फार तर एखादा पाहुणा. गर्दी दिसली तर कुलूप लावू. उत्तम! मला कुणीच नकोय. एकटा बसेन, मनसोक्त शिव्या देईन. रिकाम्या मैदानात त्या हातेमला शब्दन् शब्द ऐकू जाईल.

रविवार, ३० एप्रिल

माझं नशीबच फुटकं.

सामन्याला थोडा वेळ उरला होता. दार वाजलं. काठी टेकत एक म्हातारा. डोळ्यांवर दुधासारखा पडदा. "अस्सलामु अलैकुम. मी तय्यब बूझय्यान. हातेमचा बाप." हातात अंड्यांची टोपली. मी तोंड उघडायच्या आत आतून नेफिसा, "मर्हबा, सी तय्यब, या, या, घर तुमचंच आहे!"

झालं. दाराशी आलेल्याला परत पाठवायचं? तेही म्हाताऱ्याला? आमच्या बापजाद्यांनी कधी केलं नाही. वर नेला. नेफिसाने भाकरी, ऑलिव्हचं तेल, मीठ, हरिसाची तिखट चटणी मांडली. त्याने भाकरी मोडली, तेलात बुडवली, मीठ लावलं. पहिला तुकडा मला दिला. माझ्याच घरात! संपलं. आता त्याने माझ्या घराची बदनामी करायची नाही आणि मी त्याच्या घराची नाही. भाकरीमिठाचा मान. जीभच बांधली की माझी!

म्हणाला, "स्टेडियममध्ये दरवेळी जातो. दिसत नाही, पण लोकांच्या आवाजावरून कळतं. आज लोक नाहीत. तू सांगशील?"

मी!

सांगितलं. काय करणार? हातेम घसरून पडला, मी म्हटलं, "अंगावर घेतला त्याने." हातेमने बॉल सरळ समुद्राच्या दिशेने भिरकावला, मी म्हटलं, "धोका टाळला." म्हातारा मान डोलावतो, "लहानपणापासून असाच. धोका दिसला की आधी टाळायचा." माझ्या ओठांवर शिवी. गिळली. चहाबरोबर गिळली.

एक–एक. गुण मिळाला तो सेलिममुळे. हातेम लंगडायला लागला म्हणून शेवटी सेलिमला आत घेतलं, आणि कॉर्नरवर त्याने डोक्याने गोल केला. हे मात्र मी म्हाताऱ्याला खूप रंगवून सांगितलं. खुन्नस म्हणून. तर तो म्हणतो, "वा! हातेमच शिकवतो त्याला, रोज संध्याकाळी."

सोमवार, १ मे

शिकवतो म्हणे. मग शिकवच. खेळतोस कशाला?

रविवार, ७ मे

बाहेरगावचा सामना. शून्य–तीन. आठवडाभर बर्फ लावून, सुई टोचून हातेमला उभा केला, आणि काय मिळालं? तीन! सेलिम पुन्हा जाकिटात.

आता शेवटचा सामना, सूर गावच्या संघाशी. बरोबरी झाली तर राहू. हरलो तर खालच्या विभागात. माझा जन्म झाल्यापासून मनारा कधी खाली गेला नाही. माझा बाप बंदरावर पोती वाहायचा, तो मला खांद्यावर बसवून या मैदानावर आणायचा. त्या मैदानावर पुढच्या वर्षी खेड्यापाड्यांचे संघ येणार? झुहैरचा चष्मा एकदा घेऊन गल्लीत फेकावासा वाटतो.

शुक्रवार, १२ मे

मोंजीच्या कॅफेत भांडण. मी म्हटलं, हातेम खेळला तर आपण बुडालो. मोंजी म्हणतो, "सी शाझली, पोरगा अनुभवाने कच्चा आहे, दडपणाखाली मोडेल. हातेम मोडणार नाही."

"तो मोडलेलाच आहे, आणखी काय मोडायचंय!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शनिवार, १३ मे

संघ जाहीर. हातेम आहे. सेलिम नाही.

झुहैर, तुझं वाटोळं होवो.

रविवार, १४ मे

लिहायला बसलोय.

म्हातारा आला. या वेळी नातवाने विणलेली परडी, त्यात लिंबं. भाकरी, तेल, मीठ, सगळं झालं. खाली मैदान इतकं शांत की गोलकीपरच्या थुंकण्याचा आवाज येत होता. मी सांगत होतो, तो ऐकत होता. शून्य–शून्य. मध्यांतर. शून्य–शून्य. सूरवाल्यांनी खांबाला मारला. हातेम ओढत ओढत धावतोय, दोनदा मांडी धरून थांबला. बदली करा ना! प्रोफेसर चष्मा पुसतोय!

आणि मी काय म्हणत होतो? "सी तय्यब, छान खेळतोय तुमचा मुलगा." दोन्ही सामन्यांत हेच. छान, छान, छान!

सामना संपत आलेला. त्यांनी लांब बॉल टाकला. आमच्या गच्चीखालच्याच गोलपुढे हातेमने तो अडवला. अडवला, कबूल. मग उभा राहिला! पायाखाली बॉल घेऊन उभा! मार ना, मार बाहेर! त्यांचा एक मागून येतोय, आणि हा इकडे बघतोय, तिकडे बघतोय. जिभेला कुलूप. ओरडता येईना. बोटं कधी तोंडात गेली, मलाच कळलं नाही.

शिट्टी.

हातेमने हात वर केला. त्याला वाटलं पंचाने थांबवलं. सूरचा पोरगा ऑफसाइड होताच, निदान आम्हाला तसं वाटत होतं. हातेमने वाकून बॉल दोन्ही हातांनी उचलला, फ्री-किक घ्यायला शांतपणे पुढे ठेवला. आपल्या पेनल्टीच्या चौकोनात! पंच धावत आला. त्याने शिट्टी वाजवली, खरी शिट्टी, आणि बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे केलं.

शून्य–एक.

म्हातारा चहाचा पेला हातात घेऊन माझ्याकडे वळला. "आता काय झालं?"

मी म्हटलं, "हातेमने बॉल हातात घेतला."

"का?"

"वेड लागलं असेल."

त्याने पेला खाली ठेवला. काठी मागितली. जिन्यापाशी थांबला. "तुझ्या घरचं भाकरीमीठ खाल्लंय, शाझली. अल्लाह बरकत देवो." उतरताना माझा हात धरला नाही. भिंत चाचपत गेला.

सोमवार, १५ मे

गावात एकच विषय. विकला! सूरवाल्यांना सामना विकला! नाहीतर कप्तान बॉल हातात घेईल? बूझय्यानच्या दारावर लाल रंगाने 'गद्दार' लिहिलंय. क्लबसमोर त्याची जर्सी जाळली. हातेम म्हणतो, मी शिट्टी ऐकली. पंच म्हणतो, मी वाजवली नाही आणि ऐकलीही नाही. काल वारा समुद्राकडून होता, पंच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. आमचे दोघे-तिघे खेळाडू म्हणतात, काहीतरी ऐकलं खरं. पण कोण त्यांचं ऐकतो?

कॅफेत मोंजीने सगळ्यांसमोर विचारलं, "सी शाझली, तुम्ही तर गोलच्या डोक्यावर होता. काही ऐकलंत?"

मी म्हटलं, "नाही."

इतकं सोपं होतं म्हणणं. मग सगळे त्याला शिव्या द्यायला लागले, महिनाभर मी देत होतो त्याच शिव्या. माझं नाणं एकदाचं चाललं. चव कडू!

मंगळवार, १६ मे

पण मी म्हणतो, उचलायचा कशाला? पंचाकडे एकदा बघायचं ना! चौतीस वर्षांचा अनुभवी! पायात जोर नसला की माणूस शिट्टीचीच वाट बघतो. सेलिम असता तर त्याने शिट्टी ऐकूनही आधी बॉल बाहेर मारला असता. हे खरं आहे. हे खरं आहेच.

बुधवार, १७ मे

क्लबची सभा रविवारी. हातेमचं नाव काढून टाकायचं, आजन्म बंदी मागायची. पोरांना शिकवायचीसुद्धा बंदी. त्याला दुसरं काय येतं? अकरा वर्षांचा असल्यापासून हेच केलंय त्याने.

नेफिसा भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी स्वयंपाकघरात होते. ऐकली मी."

"काय ऐकलंस?"

"तीस वर्षं ऐकतेय, शाझली. ओळखणार नाही होय?"

मी ताट ढकललं आणि बाहेर गेलो. बाहेर कुठे जायचं, तेही सुचेना. स्टेडियमला एक चक्कर मारून परत आलो.

शुक्रवार, १९ मे

जुम्म्याची नमाज झाली. लोक मशिदीच्या पायऱ्यांवर बूट घालत होते. सी तय्यब काठी टेकत पायरीवर चढला आणि मोठ्याने म्हणाला, "लोकहो, माझ्या मुलाला सोडा. शिट्टी मी वाजवली. मी गच्चीवर होतो. आंधळा माणूस, वाटलं सामना संपला. आनंदाने वाजवली."

 मग ओरडा सुरू झाला. म्हातारचळ! पनवती! तू क्लब बुडवलास! एकाने त्याची काठी पायाने उडवली. कालपर्यंत जे हातेमला गद्दार म्हणत होते, ते आता, "बिचारा हातेम, असा बाप कपाळी आला."

मोंजी माझ्याकडे वळला. "म्हणजे तुमच्या शेजारी बसून वाजवली त्याने? मग तुम्ही 'नाही' असं का म्हणालात?"

"पाहुणा होता," मी म्हटलं.

"खरा माणूस आहात, सी शाझली," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

काठी उचलून द्यायला मी पुढे झालो नाही. लांब होती म्हणून नाही.

शनिवार, २० मे

सकाळी दार वाजलं. हातेम. लंगडत आलेला. "माझ्या बापाच्या तोंडात एक दात उरलेला नाही," म्हणाला. "फुंकर मारून मेणबत्ती विझत नाही त्यांच्याने. उद्या सभा आहे."

मी म्हटलं, आत ये, भाकरी खा.

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "नको. तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको."