ताई, कोणतं पेडल लावू?

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकणं सध्या जमत नाही, पण वाकलो असं धरून चाल). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की त्यांनी त्याला घरातलाच एक माणूस म्हणून ठेवून घेतलंय? इकडे सर्व क्षेम आहे, फक्त माझं डावं कोपर, डावी मांडी आणि अब्रू सोडून. पहिली दोन सुजली आहेत, तिसरी गेली आहे.

कारण सांगतो. लेकीने तिची जुनी डोंगरात चालवायची सायकल मला दिली, हे मागे फोनवर बोललो होतोच. दर रविवारी आम्ही बापलेक टेकडीवर जातो. ती पुढे, मी मागे आणि दोघांच्या मध्ये बहुतेक सगळी टेकडी. तिला माझी दया आली असावी, कारण तिने माझ्या सायकलला स्वतःच्या सायकलसारखी क्लिपलेस पेडलं बसवून दिली. (नावावर जाऊ नकोस. नावात क्लिप नाही, पण बूट असा धरून ठेवतात की विचारू नकोस.) बुटाच्या तळाला धातूची पट्टी असते, ती पेडलमध्ये खट्‌कन बसते आणि मग माणूस आणि सायकल मिळून एकच प्राणी होतो. चढावर पाय दाबतानाही जोर लागतो आणि वर ओढतानाही. सुटायचं असेल तर टाच बाहेर वळवायची की झालं. हे 'झालं' लेकीचं आहे, माझं नाही.

पहिल्यांदा पडलो ते आमच्याच फाटकासमोर. थांबलो, पाय टेकायला गेलो, तर पाय आलाच नाही. ताई, वेगात पडणाऱ्या माणसाला निदान थोडा मान तरी असतो. मी जागच्या जागी, अगदी सावकाश, शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना 'काय, कसं काय?' विचारता विचारता आडवा झालो. त्यांनी आधी 'बरं आहे' असं उत्तर दिलं आणि मगच मला उचललं (शिस्तीचा माणूस). दुसऱ्यांदा सिग्नलला पडलो. शेजारी बस उभी होती आणि बसमधल्या एकाही माणसाला त्या दिवशी मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

आता तुला माझा धंदा माहीत आहे. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेला. सैल स्क्रू दिसला की माझा हात राहत नाही. घरी आलेल्या पाहुण्याच्या नाकावरचा चष्मा काढून, दांडी घट्ट करून, पुन्हा नाकावर ठेवल्याशिवाय मी त्याला चहा देत नाही. या पेडलांना मागे एक बारीकसा स्क्रू आहे. पहिल्याच दिवशी तो मला सैल वाटला, म्हणून पिळून घट्ट केला. पुढच्या रविवारी बघतो तर पुन्हा सैल! हल्लीच्या मालात दम नाही, असं म्हणून पुन्हा पिळला. असं बरेच रविवार चाललं. तिसऱ्यांदा पडलो ते टेकडीच्या मधोमध, चिखलात, दोन्ही पाय अडकलेले. लेक वरून परत आली, बूट सोडवायला लागली आणि तिने तो स्क्रू तपासला. तर काय, बूट सहज सुटावा म्हणून ती बिचारी दर शनिवारी तो सैल करून ठेवत होती आणि रविवारी सकाळी मी माझ्या हाताने तो आवळत होतो. हे कळल्यावर ती चिखलातच बसून हसली. मीही हसलो, पण आडवाच, कारण मला अजून कुणी सोडवलं नव्हतं.

तर आता प्रश्न असा की हीच पेडलं ठेवू की साधी, सपाट लावू? अडकवली तर तिच्या थोडं जवळ राहता येतं. सपाट लावली तर पाय मोकळा, पण मी मागे. दिवसभर मी गिऱ्हाइकांना भिंगं बदलून विचारतो, 'हे बरं दिसतं की ते?', आणि कुणी 'दोन्ही सारखीच' म्हणालं की मनातून चिडतो. आता कळतंय बिचाऱ्यांचं.

सपाट म्हटलं की मला बाबांची काळी सायकल आठवते. पेडलं दोन आणि पाय चार, तुझे आणि माझे. तू सीटवर, मी कॅरियरवर, आणि तुझ्या चपलेमागे माझी अर्धी चप्पल कशीबशी टेकलेली. पाण्याच्या टाकीमागच्या उताराला लागलो की तू ओरडायचीस, 'पाय सोड!' चारही पाय हवेत! खाली ब्रेक लागायचा नाही, मग चपला घासत थांबायचं. चपला पुढूनच कशा झिजतात, याचा आईला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. ताई, त्यानंतर मी पुष्कळ उतार उतरलो असेन, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही. फार आठवण येते.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक घे, आळस करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली आहे. येता रविवार आमचा टेकडीवरचा शेवटचा. ती बूट अडकवून खाली पोचते तेव्हा मी वर हेल्मेटचा पट्टा लावत असतो. मला एकदाच तिच्याबरोबर उतरायचंय, 'पाय सोड' म्हणून ओरडायचंय आणि ते तिला ऐकू जायला हवंय. तू तिला फोन करून, आत्याचा हुकूम म्हणून, दोघांनीही सपाट पेडलं लावा असं सांग. मी सांगितलं असं सांगू नकोस. मी गेल्यावर तुम्ही टेकडीवर एकटेच कसे जाल असं ती मलाच विचारतेय, त्यात ही आणखी भर नको.

दुसरा ता. क. फोन करू नकोस. तुझ्या भावजयीने (तिच्या पोटात काही राहत नाही) हे पत्र वाचून सगळं सांगून टाकलं आणि लेकीने आताच सपाट पेडलांच्या दोन जोड्या टेबलावर आणून ठेवल्या. म्हणाली, 'बाबा, आपण बरोबर उतरू. पुढे तुम्ही राहा.' आता खरी पंचाईत आहे. त्या उतारावर मी दर वेळी तुझ्या पाठीवर डोकं टेकून डोळे गच्च मिटून बसलेला असायचो. पुढे बसणाऱ्याला काय काय दिसतं, ते रविवारच्या आत कळव.