परशाचा फोटो

१० फेब्रुवारी १९९९

परशाचा अजून पत्ता नाही. माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा घोडा! म्हणाला, होडी विका, खाडीत आता मासे नाहीत, केमिकल आहे — आणि बाबांनी सगळ्या कोळीवाड्यादेखत त्याच्या थोबाडीत मारली. त्याच दिवशी निघून गेला. तेव्हापासून बाबा जेवायला बसतात आणि तसेच उठतात.

पोलीस म्हणाले, "येईल हो, तरुण पोरं जातात अशी." मी हातावर हात ठेवून बसणार नाही. आमच्या ऑफिसात इंटरनेट आहे. त्याच्यावर परशाचं पान करते.

१२ फेब्रुवारी

आई फोटो देईना. एकच आहे, ट्रंकेत लुगड्याच्या घडीत. "जित्या मानसाचा फोटू लावत नाय गो, हेमा." आमच्यात भिंतीवर फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचा, हार घातलेला. म्हटलं, आई, भिंत नाही, कॉम्प्युटर आहे. "लोका येऊन बघनार ना? मंग भिंतच ती!"

शेवटी दिला. परत आणून ट्रंकेतच ठेवायचा, या अटीवर.

१५ फेब्रुवारी

पान झालं! मानपाड्याच्या आमच्या ऑफिसातला सर्व्हर मीच बसवलाय. पानावरचा मजकूर स्क्रिप्ट नावाचा छोटा प्रोग्राम जुळवतो, फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमधून जसेच्या तसे जातात. साहेब, शिवराम सर, कुरकुरले — "फोटोंनी इंटरनेटची लाइन जाम होते, हेमा." पण हो म्हणाले.

स्क्रीनवर परशा हसतोय. पाणी लावून भांग पाडलेला. नालायक! बाथरूममध्ये जाऊन रडले.

१९ फेब्रुवारी

मेल येतात, पण कसल्या! एकाला माझ्याशी मैत्री करायची आहे.

२३ फेब्रुवारी

सुरतहून कुणाच्या तरी दोन ओळी — फोटो दिसत नाही, पाठवा, लवकर. डोकं फिरलं. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर जाऊन पाहिलं. लख्ख दिसतोय! उत्तर दिलं, "फोटो पानावरच आहे, नीट बघा." असल्या रिकामटेकड्यांना मी भीक घालत नाही.

२ मार्च

शिमगा झाला. "शिमग्याला येल गो माजा पोर," आई कधीपासून म्हणत होती. होळीपाशी कुणी मोठ्याने हसलं तरी वळून बघायची. नाही आला.

११ मार्च

मामेभाऊ गुणाजी आज वर्तकनगरच्या सायबर कॅफेत गेलेला. तिथून तडक घरी आला. "अगं, फोटो कुठाय? नुसता रिकामा चौकोन आहे, फुली मारलेला."

मी त्याच्यावरच खेकसले.

१२ मार्च

गुणाजी खरं बोलत होता. पानाचं काम चालू असताना बाहेरच्यांनी लाइन खाऊ नये, म्हणून मीच कुलूप घातलेलं — फोटोंचं फोल्डर फक्त ऑफिसच्या मशीनवर उघडायचं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ. काढायची राहिली. ऑफिसात बसून बघणाऱ्याला ती कधीच आडवी येणार नव्हती! बाहेरचे सगळे रिकामा चौकोन बघत होते, आणि मी आपली माझ्या हुशारीवर खूश.

ओळ काढली. सर्व्हर बंद करून चालू केला. गुणाजीने कॅफेतून फोन केला, "दिसला गं!" मला हसूही आलं नाही. लगेच सुरतला लिहिलं. माफ करा, आता बघा.

१३ मार्च

सुरतचं उत्तर! तो तिथल्या इस्पितळातला शिकाऊ डॉक्टर निघाला. बांधकामावरून पडलेला एक मुलगा तिथे आणलेला, बोलता येत नव्हतं, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. "हाच तो. ताबडतोब फोन करा," एवढंच शेवटी.

फोन लागेना. बाबा आणि गुणाजी संध्याकाळच्या गाडीने गेले. निघण्याआधी बाबा पोटभर जेवले! आईने परशाचा नवा शर्ट पिशवीत घातला. मला कितीतरी दिवसांनी जवळ घेतलं. देवा, त्याला बोलता येत नसलं तरी चालेल.

१६ मार्च

बाबा आले. शर्ट पिशवीत तसाच.

आईने फोटो मागितला. म्हटलं, ठेवते ट्रंकेत. "आन इकरं." स्टुलावर चढून खिळा तिनेच ठोकला.