पायाने सरकवलेलं ताट

शिरूर, २० नोव्हेंबर २००६

आई, तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. चुकलंच. आज लिहितेय, तेही भांडायलाच.

गावी, खुटबावला, महिन्याचे ते चार दिवस तू मला पडवीत बसवायचीस. "शिवू नगं, पानी वरनं घालते," म्हणत ताट लांबूनच ठेवायचीस. मी फिजिओथेरपी शिकून आले तरी तुझं तेच. आता मी इथे अपघातातल्या पेशंटांना पुन्हा उभं करणाऱ्या केंद्रात आहे. रांजणगावच्या एका कंपनीतला कामगार, दोन लेकरांचा बाप, शेडवरून पडून कमरेखाली लुळा झालेला, आता कुठे दांड्या धरून उभा राहू लागलाय. तेवढ्यात रिपोर्ट आला: त्याच्या अंगावर नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू आहेत. ताप नाही, पू नाही. नुसते अंगावर राहताहेत. पण बातमी वॉर्डभर झाली.

आज दुपारी वॉर्डात जेवण वाटणाऱ्या मावशींनी त्याचं ताट दारातून पायाने सरकवलं. आई, अन्नाला पाय तूसुद्धा लावला नसतास. तो हसून म्हणतो, "मावशी, जंतू कुनाला जुमानत न्हाईत, ठीक हाय. पर भाकरीनं काय केलंय?"

"हसू नगं. माज्या घरी नातवंडं हायती."

मला दोघांचंही पटलं. डॉक्टरांचं मात्र नाही. "शनिवारी घरी पाठवा. तोवर व्यायामाच्या खोलीत आणू नका." आत्ता व्यायाम सुटला तर तो कायमचा खाटेला खिळेल. म्हटलं, "सगळ्यांच्या शेवटी घेते. हातमोजे, एप्रन घालते, दांड्या पुसते. पण तो उभा राहणार."

"त्याच्या समोरच्या खाटेवरच्या आजोबांची पाठ जखमेने उघडी आहे. त्यांना लागलं तर?"

प्रश्न खोटा नव्हता. अजून तो मला सोडत नाही. तरी मी म्हणाले, "जंतू आपल्याच हातांनी जातात, डॉक्टर. हात धुवायचे. माणूस वाळीत नाही टाकायचा." ते फाईल मिटून पुढच्या खाटेकडे वळले. तीच परवानगी, असं मी धरलं.

संध्याकाळी तो उभा राहिला, थरथरत. "म्याडम, सोडू नगा." नाही सोडलं. उद्याही घेणार, शनिवारनंतरही; घरी पाठवू देणार नाही.

हे पाकिटात जायचं नाहीच, म्हणून सांगते. घरी आले तर लेक हात पसरून धावत आली. केंद्रात नीट हात धुऊन निघाले होते, तरी तिला थांबवून आधी मोरीत गेले. त्या वेळी माझ्यात शास्त्र होतं की तू, नक्की सांगता येत नाही.

उद्या: मावशींना हातमोजे उलटे कसे काढायचे ते दाखवणे.